उरलं ते कापायचं

२ जानेवारी

ती. ताईंना,

वाकून नमस्कार केला असं समजा. खरं तर वाकायला जागाच नाही, कारण टेबलावर, दोन्ही खुर्च्यांवर आणि खिडकीच्या कट्ट्यावर तुमच्या भावाने पाकिटं वाळत घातल्यासारखी मांडली आहेत. नवं वर्ष लागलं, जुनी पाकिटं कडांना फाटली, म्हणून नवी. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात नाव: भाडं, किराणा, वीज-पाणी, प्रवास, औषध, कपडे, ज्याचं त्याचं, अडीअडचण. तुम्ही यांना लहानपणापासून ‘मुनीम’ म्हणता ते किती खरं आहे हे तुमच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक. तुम्ही एका रात्रीच्या प्रवासावर राहता, मी याच दोन खोल्यांत.

फोन करत नाही म्हणून तुम्ही रागावला होतात. फोनचं पाकीट बंद झालं. सलग तीन महिने त्यातलं काही खर्च झालं नाही, तेव्हा त्याची गरज नाही असं ठरलं. पत्राचा खर्च ‘ज्याचं त्याचं’ या हातखर्चाच्या पाकिटातून होतो, म्हणून आता पत्रच.

आता कामाचं. लग्नाआधी मी सहा वर्षं वॉर्डात नर्स होते. तुम्ही अजून मला सिस्टर म्हणता, आणि त्या नावाने हाक मारणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. माझी नोंदणी केव्हाच संपली. दंडासकट फी भरली तर ती पुन्हा चालू करून देतात, पण फक्त या जूनच्या अखेरीपर्यंत. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं शिकायचं. म्हणजे कधीच नाही. मला परत कामाला जायचंय, ताई. मी अजून भिंतींशी बोलायला लागलेले नाही, पण त्या दिशेने प्रगती चांगली आहे.

हे नाही म्हणाले नाहीत. हे कशालाच नाही म्हणत नाहीत. “अवश्य कर,” म्हणाले, “फक्त पद्धतीत बसवू या. नवं पाकीट उघडायचं तर जुन्यांतून काढून. ताईला विचार ना, पद्धत तिचीच आहे.” म्हणून विचारते. कसं बसवू?

तुमची
सिस्टर


११ जानेवारी

सिस्टरबाई,

तुझं पत्र मी कटिंगच्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं. सध्या शाळांच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली आहे. चाळीस थर कापड एकावर एक, वर माझ्या खडूच्या रेघा, आणि मालक घड्याळाकडे बघतोय. शेजारची शिलाईवाली म्हणाली, “कुणाचं पत्र, एवढ्या हसताय?” म्हटलं, माझी पाकिटं अजून जिवंत आहेत भावाच्या घरी.

खरंच बरं वाटलं गं. आई आधीच गेलेली, आणि बाबा गेले तेव्हा मी वीस वर्षांची, मुनीम अकराचा. बाबांच्या कंपनीने जे हातावर टेकवलं ते मला काम लागेपर्यंत पुरवायचं होतं. रद्दीच्या कागदाची पाकिटं केली मी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं जमिनीवर बसायचो. पाकिटात जे उरलं असेल ते अडीअडचणीत टाकायचं, आणि पुढच्या महिन्यात त्या पाकिटात तेवढेच भरायचे जेवढे या महिन्यात लागले. “उरलं ते कापायचं!” असं हा ओरडायचा, पोरं खेळताना ‘आउट’ म्हणून ओरडतात ना, तसा. त्या एका नियमावर आम्ही तगलो. कुणापुढे हात पसरला नाही.

तुझं काम अगदी सोपं आहे. एका पाकिटावर धाड घालू नकोस, सगळ्यांना थोडाथोडा चिमटा काढ. चहात साखर अर्धा चमचा कमी. बाजारात शेवटच्या तासाला जा, तेव्हा भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते. बसचे दोन थांबे चालत जा, तब्येतीलाही बरं. साबणाचे तुकडे फेकू नकोस, एकत्र दाबून नवी वडी होते. तीन महिन्यांत फी उभी राहील की नाही बघ! मुनीम तर तुला डोक्यावर घेऊन नाचेल. मनाने लोणी आहे तो, फक्त हिशेबाला कडक.

त्याला सांग, माझी पाकिटंही ठीक आहेत. प्रत्येक पत्रात विचारतो.

ताई


२ मार्च

ती. ताईंना,

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. साखर, भाजी, साबण, दोन थांबे. जानेवारीच्या अखेरीस किराणा, प्रवास, वीज-पाणी आणि कपडे अशा चार पाकिटांत पैसे उरले. हे इतके खूश झाले की उठून स्वतः चहा केला. मग उरलेले सगळे उचलून अडीअडचणीत टाकले आणि चारही पाकिटांवरचे आकडे पेन्सिलीने खाली आणले.

मी म्हटलं, “अहो, हे फीसाठी वाचवलेत मी.”

“पण फीचं पाकीट उघडलंय कुठे? महिनाअखेर उरलं ते अडीअडचणीत. फीचं उघडायचं तर चालू पाकिटांतून कापून.”

“मग कापा ना आता.”

“आता कसं कापणार? आत्ताच तर कापली.”

फेब्रुवारीत पुन्हा जोर लावला. पुन्हा चहा मिळाला, पुन्हा पेन्सिल फिरली. सध्याची परिस्थिती अशी: बसच्या दोन थांब्यांचे पैसे मी हौसेने वाचवत होते, आता ते पाकिटातच येत नाहीत, तेव्हा हातात पिशव्या असल्या तरी चालावं लागतं. अर्धा चमचा साखर ही काटकसर होती, आता तो कायदा झाला. फेब्रुवारीत औषध म्हणून एक गोळ्यांची पट्टी तेवढी घेतली, तेव्हा औषधाच्या पाकिटात आता एका पट्टीपुरतेच येतात. परवा मी ती पट्टी हातात घेऊन उभी होते. डोकं दुखत नव्हतं. पण एक गोळी खाल्ली तर निदान ते पाकीट आणखी खाली जाणार नाही, असा विचार डोक्यात आला. नर्स आहे मी, ताई! माझी मलाच लाज वाटली.

हे ओरडत नाहीत. ओरडले असते तर भांडता तरी आलं असतं. हे समजावून सांगतात, आणि समजावलेलं मला समजतं. सगळ्यात वाईट तेच आहे.

आता सांगा, पुढे काय करू? कापायला काही शिल्लक नाही.

सिस्टर


१० मार्च

सिस्टर,

एवढं काय ते! तू नीट बोलली नसशील. तुम्हा पोरींना “मला हवंय” म्हणताना घशात काटा अडकतो. “जमलं तर”, “तुम्हाला योग्य वाटलं तर”, अशी सुरुवात केलीस तर समोरचा कशाला ऐकेल? सरळ सांग.

नाहीतर थांब, काहीच बोलू नकोस. एप्रिलमध्ये आमचा कारखाना आठवडाभर बंद असतो. मी येते. दोघांना समोर बसवते आणि एका बैठकीत तुझं पाकीट उघडून देते. माझा शब्द तो मोडायचा नाही. आज त्यालाही पत्र टाकलंय.

ताई


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू येणार म्हणून फार आनंद झाला. तुला इथे येऊन दोन वर्षं झाली.

एक गोष्ट कानावर घालतो. तुला हसू येईल, पण दुसऱ्या कुणाला समजणार नाही ते तुला समजेल. पाहुण्यांचं पाकीट गेल्या वर्षी बंद झालं. तीन महिने ओळीने कुणी आलं नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे. आता अचानक आठवडाभर तिसरं माणूस म्हणजे किराणा, दूध, वीज, सगळीच पाकिटं वर जातील, आणि ती परत खाली आणायला आम्हाला बरेच महिने लागतील. त्यापेक्षा मी आतापासून थोडं बाजूला काढतो. तू ऑगस्टमध्ये ये. तोवर पाकीट उभं राहील आणि तुला मोकळ्या हाताने जेवू घालता येईल. रागावू नकोस. आपली मावशी चार दिवस राहायला येते म्हणाली तेव्हा तूही तिला हेच लिहिलं होतंस. ते पत्र पेटीत टाकायला मीच गेलो होतो.

ही मजेत आहे. फार समंजस आहे. खरं सांगतो, तिला काही लागतच नाही. दर महिन्याला पाकिटं खाली येतात. ऑफिसात सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही. तिच्या फीचंही बघू. इतक्यात तिने विषय काढलेला नाही.

अडीअडचणीचे पैसे आता पाकिटात मावत नाहीत, बँकेत ठेवतो. तो आकडा वाचला की मला शांत झोप लागते. तू दारामागे उभी राहून नाणी मोजायचीस आणि तुला वाटायचं मला दिसत नाही. मला दिसायचं. ते दिवस पुन्हा यायला नकोत, एवढंच.

तुझी पाकिटं ठीक ना?

तुझा
मुनीम


३० मार्च

सिस्टर,

तुझ्या नवऱ्याने मला पाहुणी म्हणून नामंजूर केलंय. ऑगस्टमध्ये फेरविचार होईल.

आधी मी पोट धरून हसले. शिलाईवालीला वाचून दाखवलं, तीही हसली. मग दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. ज्याच्या चड्ड्या मी शिवल्या, तापात ज्याच्या उशाशी बसले, तो मला लिहितो की तिसरं माणूस परवडत नाही. आणि लिहितो कसं? प्रेमाने. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

जाऊ दे. वाद घालत बसण्यात जून उजाडेल. तुझ्या फीची पूर्ण रक्कम आज मनीऑर्डरने पाठवली आहे. तुझ्या नावाने. खाली “फीसाठी” असं स्पष्ट लिहिलंय. माझी ओढाताण झाली नाही, तू ती काळजी करू नकोस. पैसे घे आणि भरून मोकळी हो.

ताई


१६ एप्रिल

ती. ताईंना,

पैसे पोचले. फी भरलेली नाही. कसं सांगावं कळत नव्हतं म्हणून आठवडाभर लिहिलं नाही.

पोस्टमन आला तेव्हा मी एकटीच होते. नोटा हातात घेऊन उभी राहिले. लपवता आल्या असत्या. पण आपल्याच पैशांची चोरी करायला मन धजेना. संध्याकाळी हे आले तेव्हा टेबलावर ठेवल्या. यांचे डोळे भरून आले. “ताईने एवढे पाठवले? तिच्या पगारात?” मग डोळे पुसून उठले आणि पाकिटं घेऊन आले. घरात आलेला पैसा, कुठूनही येवो, आधी सगळ्या पाकिटांत वाटायचा, हा तुमचा दुसरा नियम म्हणे. कुणीतरी यांना खेळणं घ्यायला पैसे दिले होते, तेव्हा तुम्ही असेच वाटले होते.

मी म्हटलं, “ताईंनी फीसाठी म्हणून लिहिलंय.”

“फीचं पाकीट असतं तर त्यातच टाकले असते.”

“मग फीचं पाकीट का नाही?”

“त्यात टाकायला पैसे नव्हते ना.”

ताई, मी हसले. खरंच हसू फुटलं. यांना वाटलं, मला पटलं.

वाटलेले पैसे निदान खर्च तरी करावेत म्हणून मी दुसऱ्या दिवशी साखरेचं सगळ्यात मोठं पुडकं आणलं, किराण्याचं पाकीट वर जावं एवढ्यासाठीच. यांनी पुडकं हातात तोलून पाहिलं. एवढी साखर घरात आहे म्हटल्यावर पुढच्या महिन्यांच्या किराण्यातून साखरेचे पैसे तेवढे काढून टाकले.

काल बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग वीज-पाण्याचं पाकीट आठवलं आणि नळ बंद केला. नळ बंद झाला तर आवाज जाईल, म्हणून रडणंही बंद केलं.

मला भीती वाटायला लागली आहे. यांची नाही, माझीच. पूर्वी मी दुकानाच्या काचेत काही बघितलं की मनात म्हणायची, हे घ्यायचं एकदा. आता मी काचेत बघत नाही. हे सगळ्यांना सांगतात की हिला काही लागतच नाही, ते हळूहळू खरं होत चाललंय. जूनची तारीख गेली तर मी वाईट वाटून घेईन का, तेही मला सांगता येत नाही.

सिस्टर


४ मे

सिस्टर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी माझ्या हातून आख्खा एक गठ्ठा वाकडा कापला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालक बडबडला, मी ऐकून घेतलं.

आधी खरं सांगून टाकते. माझ्याकडे पाकिटं नाहीत. मुनीमला नोकरी लागली त्या महिन्यात मी ती सगळी चुलीत घातली आणि त्या आठवड्यात तीन सिनेमे बघितले. महिनाअखेर काही उरलं तर मी ते उडवते. नाही उरलं तर शेवटचे दोन दिवस चहा-पावावर काढते. मजेत आहे. त्याला कधी सांगितलं नाही, कारण तो प्रत्येक पत्रात इतक्या जिव्हाळ्याने विचारायचा की “ठीक आहेत” एवढं लिहून मी सुटायची. माझं काय जात होतं! जात होतं ते तुझं.

आता त्यालाही सगळं लिहिलं. म्हटलं, बाबा रे, ते एका वाईट वर्षापुरतं होतं. घर बुडत होतं म्हणून तसं केलं. आता कुणी बुडत नाहीये, सोड. त्याचं उत्तर काल आलं. लिहितो, “ताई, तू दमली असशील म्हणून असं मनात येतंय. तुझ्या पाकिटांत काही कमी पडत असेल तर संकोच न करता कळव.” सिस्टर, त्याने माझा शब्द मोडला नाही. त्याला तो ऐकूच आला नाही.

तेव्हा आता चर्चा पुरे. नोंदणीचं ऑफिस माझ्याच शहरात आहे, कारखान्यापासून चालत जाता येतं. तुझी प्रमाणपत्रं आणि सही केलेला अर्ज मला रजिस्टर्ड टपालाने पाठव. अर्धा दिवस रजा टाकते, मालकाकडून परत उचल घेते आणि खिडकीवर मीच पैसे भरते. घरात पैसा आलाच नाही तर तो वाटेल काय?

तुला काही लागत नाही असं परत लिहू नकोस. टपालाचे पैसे सोबत घातलेत. ते आत्ताच्या आत्ता खर्च कर.

ताई


२१ जून

ताई!

वर ती. लिहायचं राहिलं, आणि आज नमस्कारही राहू द्या. मी कामावर आहे.

नोंदणीचं कार्ड हातात पडलं त्याच दिवशी मी मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनसमोर जाऊन उभी राहिले. त्यांना माणसं कमीच होती. सोमवारपासून मेडिकल वॉर्ड, दिवसपाळी. पहिल्या दिवशी सलाइन लावताना शीर सापडेना, मग दुसऱ्यांदा सापडली, आणि त्यानंतर हातांना सगळं आपोआप आठवत गेलं. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे शिक्षक आहेत. त्यांनी “सिस्टर!” म्हणून हाक मारली. मला ऐकू आली होती. मी मुद्दाम जरा उशिरा वळले, म्हणजे त्यांनी परत हाक मारावी.

हे खूप खूश आहेत. खोटं नाही सांगत. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. फी तुम्ही भरलीत म्हटल्यावर म्हणाले, “ताई ती ताईच.”

घरी येते तेव्हा पाय भरून आलेले असतात आणि मला छान वाटतं. तुमचे उपकार वगैरे लिहिणार नाही, तुम्ही शिव्या घालाल.

तुमची
सिस्टर


२९ जून

सिस्टर,

तुझं पत्र शिलाईवालीलाही वाचून दाखवलं. तिने सगळ्यांना चहा पाजला, पैसे मात्र माझ्याकडून घेतले.

एकच हुकूम आहे. पहिला पगार झाला की स्वतःसाठी काहीतरी घे आणि काय घेतलंस ते मला कळव. महागडं घे. कामाचं नसलं तर आणखी चांगलं. आणि तिथे कधी जीव गुदमरलाच तर माझ्याकडे ये, माझ्याकडे पाहुण्यांना बंदी नाही.

ताई


७ ऑगस्ट

ती. ताईंना,

काही घेतलं नाही.

मी कामाला लागायच्या आधी या घराची पाकिटं माझ्या पगाराशिवाय भरत होतीच. म्हणजे या पगाराची घराला गरज नाही. म्हणजे तो सगळाच उरलेला. दोन्ही महिन्यांचा पगार अडीअडचणीत गेला. मी पगाराचं पाकीट आणून यांच्या हातात दिलं, ताई, कुणी हिसकावून घेतलं नाही. इतक्या वर्षांची सवय. रस्त्याने येताना म्हणायची, आज नाही द्यायचं, आणि घरात शिरले की हात पुढे व्हायचा.

गेल्या आठवड्यात मी विचारलं, “अडीअडचणीचे किती झाले?” यांनी आकडा सांगितला. मला खरं वाटेना. एवढ्यात लहानसं घर येईल. मी म्हटलं, “मग आता पुरे ना?”

“अजून नाही.”

“किती झाले की पुरे?”

यांनी पाकिटं सरळ लावायला घेतली. मी पुन्हा विचारलं, भांडण म्हणून नाही, मला खरंच जाणून घ्यायचं होतं. यांचा चेहरा पांढरा पडला. समोर अकरा वर्षांचं पोर बसलंय असं वाटलं. मला यांचा राग आला नाही, आणि तिथेच सगळं संपलं. राग आला असता तर मी राहून भांडले असते. मला एवढंच कळलं की या प्रश्नाला उत्तर नाही आणि मी इथे बसून उत्तराची वाट बघत म्हातारी होणार.

हॉस्पिटलच्या आवारात नर्सेसची क्वार्टर्स आहेत. एक खाट, एक कपाट, एक खिडकी, आणि पगारातून थोडं भाडं कापतात. मेट्रन म्हणाल्या, शनिवारपर्यंत सांगा. तुम्ही बोलावलंत तरी तुमच्याकडे येत नाही. तुमच्याकडे आले तर हे न्यायला येतील, अगदी प्रेमाने येतील, आणि मी मुकाट निघेन. माझा अजून माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

सिस्टर


१ सप्टेंबर

ताई,

हिने तुला कळवलंच असेल. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ड्यूटीवर गेली, ती घरी आली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकाशी भेटलो. ती रागावलेली नव्हती. जेवलात का म्हणून विचारलं. घरी कधी येशील विचारलं तर म्हणाली, “माहीत नाही. किती झाले की पुरे, ते काढलंत का?” मी काढून नेलं होतं. रात्रभर बसून सगळं धरलं होतं, दोघांचं आजारपण, नोकरी जाणं, म्हातारपण. आकडा सांगितला. ती म्हणाली, “अहो, तेवढे तर माझा पगार सुरू व्हायच्या आधीच झाले होते.” मला ते माहीत होतं, ताई. काढतानाच लक्षात आलं होतं. तिथून मी कसा घरी आलो ते आठवत नाही.

काल महिनाअखेर. एकटाच बसलो. सगळ्या पाकिटांत पैसे उरले होते. इतके कधीच उरले नव्हते. किराण्यात तर निम्म्याहून जास्त. पेन्सिल घेतली. किराणा खाली आणायचा म्हणजे एका माणसाचा लिहायचा. एकदा लिहिला की तो तेवढाच राहणार. आपल्याकडे खाली आलेलं पाकीट पुन्हा वर गेलेलं नाही. मी पेन्सिल हातात धरून बसलो आणि मला लिहिता आलं नाही. मला रडू आलं. तुला हे सांगायला लाज वाटते, पण दुसरं कुणाला सांगू?

आज सकाळी बँकेत गेलो आणि अडीअडचणीचे सगळे पैसे काढले. खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, “साहेब, काही अडचण आहे का?” मी हो म्हणालो.

ते आणून टेबलावर ठेवलेत. टेबल पुरलं नाही. आपण याच दिवसासाठी साठवत होतो ना? अडचण आली आहे आणि पैसे पूर्ण आहेत, एक नाणंही कमी नाही. सकाळपासून त्यांच्यासमोर बसलोय. चहासुद्धा केला नाही. ते कुठे भरायचे असतात, एवढं फक्त मला कळव.

मुनीम